डोंगरातल्या तळ्याकाठची धाव: पहिल्या फेरीआधी आणि फेरीत काय करायचं

तळ्याच्या पाण्याला चढ-उतार नसतो, म्हणून काठची वाटही सपाटच असणार अशी आपली नकळत समजूत होते. डोंगरातल्या तळ्याबाबत ती पहिल्या दोन किलोमीटरांतच मोडते. जिथे कडा थेट पाण्यात उतरलेला असतो तिथे वाट काठ सोडून वर चढते, कड्याच्या डोक्यावरून आडवी जाते आणि पुन्हा पाण्यापर्यंत उतरते. एका फेरीत असं पाच-सहा वेळा झालं की पाय एक छोटा डोंगर चढून उतरलेले असतात, आणि आपण मात्र सुरुवातीच्याच उंचीवर परत आलेलो असतो. सडकेवर दहा किलोमीटर सहज धावणारी माणसं अशा फेरीत अर्ध्या वाटेवर दगडावर बसलेली मी पाहिली आहेत. दमसास होता त्यांच्यात, हिशोब चुकला होता.

दुसरी फसगत डोळ्यांची होते. पाण्यावर अंतर जोखायला मध्ये झाड नसतं, घर नसतं. हवा निवळ असते, समोरचा काठ हाकेच्या अंतरावर वाटतो. वाट मात्र तळ्याच्या प्रत्येक खाचेत आत शिरून बाहेर येते. ‘ते बघ, तिथे तर जायचंय’ असं म्हटल्यावर तासभर धावत राहावं लागतं, ते यामुळे.

सडकेवर नेमानं आठ-दहा किलोमीटर धावणाऱ्या आणि अशी फेरी पहिल्यांदाच करणाऱ्या माणसासाठी हे लिहिते आहे.

आधी कागदावर धावा

समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) असलेला नकाशा घ्या आणि वाट बोटानं फिरवा. बोट किती वेळा रेषा ओलांडून वर जातं ते मोजा. दोन रेषांमधलं उंचीचं अंतर नकाशाच्या कोपऱ्यात दिलेलं असतं, त्यानं गुणलं की एकूण चढाई हाती येते. छोटे उंचवटे दोन रेषांच्या मधे लपतात, म्हणून आलेल्या आकड्यात थोडी भर घालायची.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली मांडलेला नियम आजही उपयोगी पडतो. चालणाऱ्याला सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, असा तो साधारण आहे. धावणाऱ्यानं त्यातलं प्रमाण उचलायचं: १०० मीटर चढ म्हणजे सुमारे ८०० मीटर सपाट वाट. समजा फेरी १२ किलोमीटरची आहे आणि एकूण चढाई ४५० मीटर. ४५० मीटरचे झाले ३.६ किलोमीटर, म्हणजे पायांच्या हिशोबानं फेरी १५.६ किलोमीटरची. सडकेवरचा तुमचा निवांत वेग किलोमीटरला सात मिनिटं असेल तर १०९ मिनिटं झाली. मुळं, दगड, चिखल यांसाठी मी त्यात पाव भाग वाढवते. म्हणजे सव्वादोन तासांच्या थोडं वर. फोटो, पाणी, बसणं धरून घरी तीन तास सांगून निघायचं.

मग नकाशावर चार जागांवर खुणा करा: तळ्यात पाणी येतं तिथले ओढे, तळ्यातून पाणी बाहेर पडतं ती जागा, वाट कड्यावरून जाते ते टप्पे, आणि मध्येच फेरी सोडून खाली उतरता येईल अशा वाटा. पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी पूल आहे की नाही हे आधीच विचारून ठेवा. पूल वाहून गेला असेल तर फेरी पुरी होत नाही, आणि हे शेवटच्या किलोमीटरला कळण्यात काही अर्थ नाही. पक्ष्यांच्या विणीच्या काळात काही काठ बंद असतात, काही ठिकाणी परवाना लागतो, काही वाटांवर धावायला मनाई असते. तिथल्या वनखात्याच्या किंवा उद्यानाच्या कचेरीत एकदा चौकशी केलेली बरी.

गोल फेरीचा एक धोका सरळ वाटेला नसतो. अर्ध्यावर पोचलात की पुढे जाणं आणि मागे फिरणं सारखंच लांब होतं. निर्णय त्याआधी व्हायला हवा. म्हणून मी एक तृतीयांशावर, ठळक ओळखता येईल अशी एक जागा, ओढा किंवा पूल, ‘परतीची खूण’ म्हणून ठरवते. तिथे पोचताना ठरलेल्या वेळेपेक्षा पंधरा-वीस मिनिटं उशीर झाला असेल, आभाळ भरून आलं असेल किंवा गुडघा कुरकुरत असेल तर तिथूनच परत. ही खूण घरी बसून ठरवायची. वाटेवर आल्यावर मन पुढच्या वळणाला विकलं जातं.

पाणी कोणत्या हाताला ठेवायचं

घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फेरी केली तर पाणी उजव्या हाताला राहतं, उलट केली तर डाव्या. दिशा ठरवताना मी तीन गोष्टी बघते.

अवघड भाग आधी यावा, पाय ताजे असताना. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन कमी पडतं, त्यामुळे बर्फ आणि ओल तिथे उशिरापर्यंत टिकतात. रात्री गोठलेला असा भाग पहाटे कडक आणि निसरडा असेल, तर मात्र तो नंतर आलेला चांगला. दुसरी गोष्ट वारा. उघडीप असलेल्या दिवशी ऊन चढलं की वारा दरीतून वर वाहू लागतो आणि दुपारी जोर धरतो, रात्री उलटा वरून खाली येतो. परतीचा काठ त्या वाऱ्याच्या तोंडावर येणार असेल तर दमलेल्या शरीराला तो दुप्पट जड जातो. तिसरी गोष्ट म्हणजे ओढे. त्यांच्याकडे पुढे वळतेच.

अंगाची तयारी

सहा ते आठ आठवडे हाताशी असावेत. चढाचा सराव सगळे करतात, उताराचा कुणी करत नाही, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे हाल होतात ते उतारामुळे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यानं ते आतून दुखावतात. दुखणं एक ते तीन दिवसांत वाढत जातं. पण याच स्नायूंना आधी एकदा बेताचा उतार दाखवला असेल तर पुढचे काही आठवडे त्यांना तेवढा त्रास होत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा टेकडी किंवा जिने चढा आणि उतरणंही धावतच करा, सुरुवातीला हळू. रोज दात घासताना एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून. घोट्याला मुरगळ पडू नये म्हणून याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

तळं २५०० मीटरच्या वर असेल तर विरळ हवेचा विचार करायलाच हवा. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच राहतो. पोचल्याच्या दिवशी धावू नका. एक-दोन रात्री तिथे किंवा थोडं खाली काढा, आणि ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका. विरळ हवेचा त्रास मोजायची जगभर वापरली जाणारी मोजपट्टी कॅनडातल्या लेक लुईझ या डोंगरी तळ्याच्याच नावानं ओळखली जाते. तिच्यात डोकेदुखी मुख्य, आणि जोडीला मळमळ, थकवा, भोवळ. डोकं दुखतंय आणि यातलं आणखी एखादं लक्षण आहे, तर त्या दिवशी धाव नाही. त्रास वाढत गेला, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली उतरायचं. थांबून बघू म्हणायचं नाही.

पायात आणि पाठीवर

बूट ट्रेलचेच, म्हणजे डोंगरवाटेवर धावायचेच हवेत, तळाला चार-पाच मिलिमीटरचे दात असलेले. पुढे अंगठ्यासमोर बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. पाणी आत न शिरणारे बूट दुकानात आकर्षक वाटतात, पण ओढ्यात वरून शिरलेलं पाणी तेच आत धरून ठेवतात. मी जाळीचे, लवकर निथळणारे बूट पसंत करते. मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, सुती कधीच नाही. पाठीवर छातीला घट्ट बसणारी छोटी सॅक, आणि तिच्यात विंडचीटर, एक कोरडा थर, टोपी, हातमोजे, शिट्टी, हेडटॉर्च, चमकीचं पातळ ब्लँकेट, चिकटपट्टी, चार्ज केलेला फोन आणि कागदी नकाशा. कोरडा थर प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा, ओढ्यात पडलात तर तेवढाच कोरडा राहतो. अतिनील किरणं दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि पाण्यावरून उलटणारं ऊन हनुवटीखालून, नाकपुड्यांपाशी भाजतं. तिथेही मलम लावा.

पाऊल कसं टाकायचं

उजाडताच निघा. पहिली दहा मिनिटं चाला. तळ्यावर पहाटे धुकं बसलेलं असतं, पाण्याची कड दिसत नाही आणि वाटेवरच्या लाकडी फळ्यांवर दव किंवा पातळ हिम असतं.

पावलं आखूड आणि झपझप. पाय शरीराच्या पुढे फेकायचा नाही, खाली टाकायचा. नजर तीन-चार मीटर पुढे ठेवली की पायाखालचा दगड मेंदूनं आधीच टिपलेला असतो. बुटाकडे बघत धावणारा प्रत्येक दगडापाशी दचकतो.

आणि इथे ती एक गोष्ट सांगते जी मला या वाटांवर सर्वांत महत्त्वाची वाटते: तळं बघायचं असेल तर थांबा. पूर्ण थांबा. पहिल्याच फेरीत एका वळणावर सूर्य पाण्यावर आला आणि मी धावता धावता मान वळवली. एवढंच झालं. उजव्या बुटाचं टोक अंगठ्याएवढ्या मुळात अडकलं, दोन्ही तळवे खडीवर सोलले आणि गुडघा दगडाच्या कडेवर आपटला. वाट तिथे दीड हात रुंद होती आणि खाली सात-आठ मीटरवर पाणी. तेव्हापासून मी फेरीत पाच जागा आधीच ठरवते, तिथे थांबते, दोन्ही पाय रोवून उभी राहते आणि पोटभर बघते. मधल्या वेळात डोळे वाटेचे. यानं फेरीचा वेळ पाच-सात मिनिटांनी वाढतो आणि तळंही जास्त दिसतं, कारण धावताना दिसतात ते तुकडे असतात.

आता जमिनीच्या जातींबद्दल. ओली मुळं ओलांडायची, त्यांच्यावर पाय द्यायचा नाही. द्यावाच लागला तर मुळाला काटकोनात, पूर्ण तळवा टेकवून, जोर न देता. लाकडी फळ्यांच्या वाटेवर वळताना किंवा ढकलताना पाय निसटतो, म्हणून तिथे सरळ, आखूड, शरीर पावलांच्या नेमकं वर ठेवून चला. दगडावरचं काळपट शेवाळ कोरडं असताना खरखरीत लागतं आणि ओलं झालं की साबण. मोठ्या धोंड्यांच्या पट्ट्यात धावू नका. तिथे हात वापरून, प्रत्येक धोंडा आधी हलतो का ते बघून चालायचं. घसाऱ्यावर उतरताना टाच रुतवायची, आणि कुणी पुढे असेल तर त्याच्या बरोब्बर वर राहायचं नाही. सुटलेला दगड सरळ त्याच्याकडे जातो.

आडव्या वाटेची एक खोड नवख्यांच्या लक्षात येत नाही. उतारावर कोरलेली वाट पाण्याच्या बाजूला थोडी कललेली असते. पाणी उजव्या हाताला ठेवून फेरी केली तर बारा किलोमीटर उजवा पाय खालच्या बाजूला आणि डावा वरच्या बाजूला पडतो. सपाटीवर अशी एकतर्फी सवय नसते, म्हणून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंवा खुब्यात एकाच पायाला दुखायला लागतं. वाट रुंद असेल तर तिच्या सपाट भागावर राहा आणि पुढची फेरी उलट दिशेनं करा.

चढावर पूर्ण वाक्य बोलता येईनासं झालं की चालायला लागा. हात मांडीवर टेकवून, वाकून, लांब पावलांनी चालणं तिथे धावण्याइतकंच वेगवान होतं आणि पुढच्या उतारासाठी पाय शिल्लक राहतात. अरुंद वाटेवर चढून येणाऱ्याला जागा द्या. पुढे चालणाऱ्यांना दुरूनच हाक द्या. ओझ्याची जनावरं आली तर डोंगराच्या बाजूला उभं राहा, पाण्याच्या बाजूला नाही, कारण पाठीवरचं ओझं घासून माणूस खाली जाऊ शकतो.

ओढे

तळ्याचा रंग दुधाळ निळा किंवा फिरोजी असेल तर समजा की वर हिमनदी आहे. तिनं दगड दळून केलेलं पीठ पाण्यात तरंगतं आणि त्यानं तो रंग येतो. रंग सुंदर आहे आणि सूचनाही आहे: या तळ्यात येणारे ओढे दुपारी चढतात. ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि काही तासांनी ते पाणी खाली पोचतं. सकाळी सहाला मी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलेला एक ओढा दुपारी तीनला गुडघ्याच्या वर होता. तळाचे दगड गडगडत असल्याचा आवाज काठावर उभं राहून ऐकू येत होता. तो ओलांडला नाही. सावलीत बसून राहिले, मग तासभर वर चढून पुलावरून गेले. म्हणून असे ओढे फेरीच्या पहिल्या भागात यावेत.

ओलांडायचं तर ओढा पसरट झालेला असेल तिथे ओलांडा, अरुंद जागी पाणी खोल आणि जोरकस असतं. आधी खालच्या बाजूला बघा, पाय सुटला तर कुठे जाऊ? थेट तळ्यात जात असाल तर जागा बदला. सॅकचे पट्टे सोडा, तोंड पाणी येतं त्या वरच्या बाजूला ठेवा, बूट काढू नका. जोराचं पाणी गुडघ्यावर असेल तर मागे फिरा. ओढा तळ्याला मिळतो तिथला गाळाचा पट्टा वरून टणक दिसतो आणि आत पोटरीपर्यंत रुतवतो. त्याला वळसा घाला.

पिणं आणि खाणं

तहान लागेल तसं घोट घोट प्या. भीतीपोटी ढोसलेलं पाणी रक्तातलं मीठ पातळ करतं आणि तेही धोक्याचं आहे. दीड तासाच्या वरच्या धावेला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. सरावात पोटानं जे खपवून घेतलंय तेच न्या. तळ्याचं पाणी कितीही नितळ असलं तरी गाळल्याशिवाय पिऊ नका. उकळणार असाल तर एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय आली असेल तर ते पाणी गाळून किंवा उकळूनही चालत नाही, त्यातलं विष तसंच राहतं.

आभाळ फिरलं, किंवा पाण्यात पडलात

वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस किंवा त्याहून कमी आले की काठ सोडा. उघड्या काठावर सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच असता. एकट्या झाडाखाली नाही, डोंगराच्या धारेवर नाही. सखल जागी, सारख्या उंचीच्या झाडीत थांबा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. थांबल्याबरोबर कोरडा थर चढवा. धावताना ऊब देणारं शरीर भिजून वाऱ्यात थांबलं की दहा मिनिटांत कापू लागतं.

गार पाण्यात पडलात तर पोहायची घाई करू नका. पहिलं मिनिट श्वास आपोआप फुलतो, छाती धडधडते. तेवढ्यात तोंड पाण्याबाहेर ठेवणं एवढंच काम. साधारण मिनिटभरात श्वास ताब्यात येतो. त्यानंतरच्या सुमारे दहा मिनिटांत हातपाय ऐकतात, त्या वेळेत काठ पकडा. बर्फासारख्या पाण्यातही गारठून शुद्ध जायला साधारण तास लागतो, म्हणून घाबरगुंडी ही थंडीपेक्षा आधी मारते. तळ्याच्या कडेच्या बर्फावर मात्र पायच देऊ नका.

मदतीसाठी शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. काही देशांत हाकच तीन शिट्ट्यांची असते, जाण्याआधी विचारून घ्या.

परत आल्यावर

बसायच्या आधी ओले कपडे बदला. ज्याला निघताना सांगितलं होतं त्याला पोचल्याचं कळवा, नाहीतर तो विनाकारण माणसं गोळा करील. काठच्या गवतातून आला असाल तर गुडघ्यामागे, जांघेत, मोज्याच्या कडेला गोचीड बघा. सापडली तर चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. तेल लावू नका, जाळू नका.

बूट तिथेच, तळ्यापासून दूर, काडीनं खरवडून स्वच्छ करा. दातांमधल्या चिखलात बिया असतात, पाणवनस्पतींचे तुकडे असतात, डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, आणि ते बुटांबरोबर पुढच्या तळ्यापर्यंत जातात. तिथे त्यांना खाणारं कुणी नसलं तर ते तळं भरून टाकतात. घरी गेल्यावर बूट धुवा, आतला तळ काढून वेगळा ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभरानं ते बदला. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका, डिंक सुटतो. पूर्ण सुकायला दोन दिवस लागतात, तोवर दुसऱ्या पाण्याजवळ ते नेऊ नका.